जिमखाना (शब्द)

जिमखाना : इंग्रजी कोशांत रुळलेला, पण हिंदुस्थानात घडलेला जोडशब्द. उत्तरपद ‘खाना’ हे फार्सी असून त्याचा अर्थ घर, जागा. त्याविषयी मतभेद नाही. तोफखाना, जामदारखाना, दवाखाना यांमुळे ते मराठीच्याही अंगवळणी पडले आहे. वाद आहे तो पूर्वपदाचा.

हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांनी आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात हा शब्द अलीकडचा व कृत्रिम ठरवला. तो बहुधा मुंबई इलाख्यात रचला गेला आणि त्याच्या मुळाशी ‘गेंदखाना’ असावा, असे त्यांचे मत. इंग्रजांच्या रॅकेट खेळण्याच्या जागेला हिंदुस्थानीत तसे म्हणत. मात्र त्याच नोंदीतला सर्वांत जुना वापर मुंबईचा नसून उत्तर हिंदुस्थानातील रुडकीचा आहे (१८६१), आणि तोही मेजर जॉन ट्रॉटर यांच्या हवाल्याने. मराठीत चेंडूला ‘गेंद’ म्हणण्याचा प्रघात नाही, हेही मुंबईच्या बाजूने जात नाही. अर्थात मुंबईच्या बाजारी हिंदुस्थानीला मराठीचे बंधन नव्हते.

‘गेंद’चे ‘जिम’ होणे निव्वळ उच्चारभेदाने साधत नाही. ‘जिम्नॅस्टिक्स’ हा ओळखीचा शब्द कानात असल्याने अनोळखी ‘गेंद’ त्याच्याकडे ओढला गेला, असे मानावे लागते. (त्या शब्दाचे ग्रीक मूळ ‘गुम्नॉस’ म्हणजे नग्न, टाय लावून जिमखान्यात जाणाऱ्या साहेबाला ते बहुधा आठवत नसावे.) ‘जमातखाना’ हे मूळ सुचवणाऱ्यांना ‘ज’ आणि ‘म’ आयते मिळतात, पण ‘त’ का गळला आणि जमातीच्या बैठकीच्या जागेत खेळ कुठून आले, हे प्रश्न उरतात. ‘जिम’ आणि ‘खाना’ यांचा थेट सांधा जुळवणे सर्वांत सोपे. तथापि चेंडूच्या खेळाशी असलेला संबंध पाहता ‘गेंदखाना’ अधिक संभाव्य वाटतो.

१८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, तेव्हा शब्द संस्थेच्या नावात येण्याइतका स्थिरावला होता. पुण्यात डेक्कन जिमखाना (१९०६) या संस्थेचे नाव पुढे भोवतालच्या वस्तीलाच पडले.

इंग्लंडात अर्थ जागेवरून प्रसंगाकडे सरकला : तेथे जिमखाना म्हणजे मुख्यतः घोडेस्वारीच्या गमतीदार शर्यती, पुढे मोटारींच्याही. हा अर्थ मराठीत रुजला नाही. येथे जिमखाना ही जागा किंवा संस्था, आणि महाविद्यालयाच्या पावतीवरचे एक शुल्क.