२,१४,७४,८३,६४७ : मूळ संख्या आणि घड्याळाचं टोक

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की २,१४,७४,८३,६४७ मिळतात. १६४४ च्या एका गाजलेल्या यादीत ही संख्या मूळ म्हणून होती. पण त्याच यादीतल्या दोन संख्या पुढे विभाज्य निघाल्या, तेव्हा तो काही पुरावा नव्हे. पुरावा आला १७७२ मध्ये. हिचं वर्गमूळ ४६,३४० च्या जरासं पुढे; तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत बसायचं तर जवळजवळ ४,८०० भागाकार. पण विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरायलाच हवी, हे आधी दाखवलं गेलं आणि तपासायला उरल्या जेमतेम ऐंशीच्या आसपास मूळ संख्या. त्यातली पहिली ३११. भागून पाहा, बाकी ३५ उरते. पुढच्याही कुणाचा भाग जात नाही.

१८११ मध्ये एका इंग्लिश गणितज्ञाने लिहून टाकलं, की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येपेक्षा (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच भरते ती परिपूर्ण) मोठी कधी सापडणार नाही, कारण असल्या संख्यांचा उपयोग काय! १८७६ मध्ये ३९ अंकी मूळ संख्या हाती आली, आणि तिच्यासोबत मोठी परिपूर्ण संख्याही.

आज ही संख्या ओळखली जाते ती संगणकातल्या ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांच्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून. एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला की उरतात ३१. वाद आहे तो इथेच: घड्याळासाठी हा चिन्हाचा बिट ठेवायला हवा होता का? युनिक्स या संगणक-प्रणालीचं घड्याळ सुरुवातीला सेकंदाचे साठ भाग मोजायचं. त्या हिशेबाने ३२ बिट सव्वादोन वर्षांतच भरले असते. म्हणून पुढे १ जानेवारी १९७० पासूनचे पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं, आणि तेही चिन्हासकट. परिणामी १९ जानेवारी २०३८ ला जागतिक प्रमाणवेळेनुसार ०३:१४:०७ वाजता आकडा संपतो. पुढच्या सेकंदाला ३२ बिटांवर अडकलेलं घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतं. चिन्ह नसतं तर २१०६ पर्यंत निभावलं असतं. याला निव्वळ आळस म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ते अन्यायाचं वाटतं: चिन्ह नसतं तर १९७० पूर्वीची तारीख मांडायची कशी? दोन वेळांची वजाबाकी उणे आली तर? शिवाय ६४ बिटांचा उपाय चिन्ह ठेवूनच झाला आहे.

या सगळ्यात एक गैरसमज घट्ट बसलाय, की संगणकवाल्यांनी मुद्दाम मूळ संख्या निवडली. छे. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. काम तिघींचं एकच. मूळ असण्याचा खरा फायदा घेतला तो १९६९ च्या एका यादृच्छिक संख्यांच्या पद्धतीने: आधीच्या आकड्याला १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी पुढे न्या. शून्य सोडून कुठूनही सुरुवात केली तरी १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदाच येतो आणि मगच फेरा नव्याने सुरू होतो.