अमेरिकेची १८०० सालची अध्यक्षीय निवडणूक : न्यूयॉर्क राज्य

अमेरिकेच्या चौथ्या अध्यक्षीय निवडणुकीतील न्यूयॉर्क राज्याचा भाग. अमेरिकेचा अध्यक्ष थेट लोकमताने नव्हे, तर प्रत्येक राज्याने नेमलेल्या निर्वाचकांच्या मतांनी निवडला जातो. राज्याच्या वाट्याची बाराही निर्वाचक मते टॉमस जेफरसन आणि एरन बर या रिपब्लिकन जोडीला मिळाली, आणि विद्यमान अध्यक्ष जॉन ॲडम्सचा पराभव मुख्यतः त्यामुळे झाला. निर्वाचकांनी ही मते ३ डिसेंबर १८०० रोजी दिली, पण खरा निकाल त्याआधी सात महिने, २९ एप्रिल ते १ मे या तीन दिवसांत, न्यूयॉर्क शहरातल्या विधानसभेच्या १३ जागांवर लागून गेला होता. त्या तीन दिवसांत मतदारांनी जेफरसनला किंवा ॲडम्सला मत दिलेच नव्हते. दोघांचीही नावे मतपत्रिकेवर नव्हती. (त्या काळचा रिपब्लिकन पक्ष म्हणजे जेफरसन-मॅडिसन यांचा पक्ष. आजच्या त्याच नावाच्या पक्षाचा त्याच्याशी संबंध नाही.)

निर्वाचक कसे नेमायचे हे अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोपवले होते. त्यामुळे १८०० साली १६ राज्यांत निरनिराळ्या पद्धती होत्या. ऱ्होड आयलंड आणि व्हर्जिनियात मतदार राज्यभरासाठी एकच यादी निवडत, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना आणि केंटकीत जिल्हावार मतदान होई, आणि बहुतेक उरलेल्या राज्यांत विधिमंडळच निर्वाचक नेमत असे. न्यूयॉर्क या शेवटच्या गटात होते. आपल्याकडे आमदार राज्यसभेचे खासदार निवडतात, पण त्यात पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे जागा वाटल्या जातात. न्यूयॉर्कमध्ये तसे नव्हते. विधानसभा आणि सिनेट आपापली यादी करत, याद्या जुळल्या नाहीत तर दोन्ही सभागृहे एकत्र बसून मतदान करत आणि ज्याचे बहुमत त्याच्या पदरात बाराच्या बारा निर्वाचक पडत.

एकत्र बैठकीची ही तरतूद अनुभवातून आली होती. १७८९ च्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत विधानसभा एका गटाच्या हाती आणि सिनेट दुसऱ्याच्या हाती होते. निर्वाचक कसे नेमायचे यावरच त्यांचे जमेना, आणि वाद मिटेपर्यंत मुदत टळून गेली. ज्या न्यूयॉर्क शहरात वॉशिंग्टनचा शपथविधी झाला, त्या राज्याने त्याला एकही मत दिलेले नव्हते. पुढे १७९२ मध्ये राज्याची १२ मते वॉशिंग्टनला मिळाली, आणि १७९६ मध्ये ॲडम्सला. ॲडम्स त्या वेळी ७१ विरुद्ध ६८ असा निसटता जिंकला होता.

त्यामुळे १८०० चे गणित दोन्ही पक्षांना तोंडपाठ होते. राज्यातले सिनेट फेडरलिस्टांकडे, म्हणजे ॲडम्स आणि हॅमिल्टन यांच्या पक्षाकडे होते. विधानसभेत शंभराहून थोडे अधिक सदस्य, आणि राज्याच्या उत्तर व पश्चिम भागात फेडरलिस्ट, तर हडसन खोऱ्याच्या व लाँग आयलंडच्या बऱ्याच भागात रिपब्लिकन, अशी साधारण विभागणी. शहराच्या १३ जागा एकगठ्ठा ज्या बाजूला जातील, त्या बाजूला संयुक्त बैठकीत बहुमत मिळणार होते. त्या वेळी उपाध्यक्ष असलेल्या जेफरसनने ४ मार्च १८०० रोजी मॅडिसनला लिहिलेल्या पत्रात हेच मांडले आहे : न्यूयॉर्क शहर आपल्या बाजूने गेले तर देशाचा निकाल आपल्या बाजूने, आणि ते फेडरलिस्टांकडे गेले तर बहुधा निकालही त्यांच्याकडे.

शहर मात्र रिपब्लिकनांसाठी सोपे नव्हते. १७९९ मध्ये फेडरलिस्टांनी तिथल्या सगळ्या जागा जिंकल्या होत्या, आणि त्याला बर स्वतः काही अंशी कारणीभूत होता. १७९८ च्या पीतज्वराच्या साथीनंतर शहराला स्वच्छ पाणी पुरवण्यासाठी म्हणून त्याने ‘मॅनहॅटन कंपनी’ची सनद विधिमंडळाकडून मिळवली, आणि उरलेले भांडवल हवे तिथे गुंतवण्याची मुभा देणारे एक कलम त्यात घालून घेतले. त्या कलमाच्या बळावर कंपनीने बँक काढली. लाकडी नळांतून पाणीही पुरवले, पण जीव बँकेतच होता. (आजच्या जे. पी. मॉर्गन चेस बँकेच्या वंशावळीत या कंपनीचे नाव येते.) मतदार आधी चिडले खरे, पण वर्षभरात या बँकेचा उपयोगही दिसू लागला. तोवर शहरातल्या दोन्ही बँका फेडरलिस्टांच्या प्रभावाखाली होत्या. रिपब्लिकन कारागीर आणि छोटे व्यापारी यांना आता कर्जासाठी दुसरे दार मिळाले.

मतदानाचा हक्क मालमत्तेशी बांधलेला होता. १७७७ च्या राज्यघटनेनुसार विधानसभेसाठी २० पौंडांची जमीन किंवा वर्षाला ४० शिलिंग भाड्याचे घर असलेल्या पुरुषाला मत होते. सिनेट आणि गव्हर्नरपदासाठी मात्र १०० पौंडांची जमीन लागे. घर भाड्याने घेऊन राहणारे सुतार, चांभार, गाडीवाले सिनेटच्या मतदानातून बाहेर आणि विधानसभेच्या मतदानात आत, हा फरक १८०० मध्ये निर्णायक ठरला. सिनेट फेडरलिस्टांकडे राहिले आणि विधानसभा गेली, याचे निम्मे स्पष्टीकरण या दोन आकड्यांत आहे.

बरने आधी उमेदवारांकडे लक्ष दिले. राज्यातल्या रिपब्लिकनांत क्लिंटन, लिव्हिंग्स्टन आणि स्वतः बर असे तीन गट होते, आणि त्यांचे आपसात फारसे सख्य नव्हते. त्याने तिघांनाही एका पॅनेलवर आणले. १७७७ पासून सलग १८ वर्षे गव्हर्नर राहिलेला जॉर्ज क्लिंटन, सॅराटोगाच्या लढाईचा विजेता जनरल होरेशियो गेट्स, वॉशिंग्टनच्या कारकिर्दीत पोस्टमास्टर जनरल झालेला सॅम्युएल ऑसगुड, पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झालेला ब्रॉकहोल्स्ट लिव्हिंग्स्टन ही त्यातली ठळक नावे. साध्या विधानसभेच्या जागेसाठी उभे राहणे यांपैकी कित्येकांना पायरी उतरल्यासारखे वाटत होते. क्लिंटन तर शेवटपर्यंत तयार नव्हता. आपले नाव वापरले तर जाहीरपणे नाकारणार नाही, एवढ्यावर तो आला, आणि बरला तेवढे पुरले. बर स्वतः शहरातून उभा राहिला नाही. त्याने शेजारच्या ऑरेंज काउंटीतून उमेदवारी घेतली आणि शहरात प्रचारासाठी मोकळा राहिला.

समोर फेडरलिस्टांची सूत्रे माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनकडे होती. त्याच्या यादीत गवंडी, बेकरीवाला, कुंभार, किराणा दुकानदार अशी फारशी कुणाला ठाऊक नसलेली माणसे होती. कारागिरांच्या मतांसाठी कारागीर उमेदवार, हा हिशेब वरवर ठीक दिसतो. निवडून आलेले सदस्य आपल्या शब्दाबाहेर जाऊ नयेत आणि वेळ आली तर ॲडम्सऐवजी त्याच्या जोडीचा फेडरलिस्ट उमेदवार चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी याला पुढे करता यावे म्हणून हॅमिल्टनने अशी माणसे निवडली, असा आरोप ॲडम्सच्या गोटातून झाला. हेतू काहीही असो, गेट्स आणि क्लिंटनच्या नावांपुढे ही यादी फिकी पडली.

प्रचाराची पद्धत त्या काळाच्या मानाने नवी होती. बरने वॉर्डवार मतदारयाद्या तयार करवल्या आणि प्रत्येक नावासमोर त्या माणसाचा कल, स्वभाव, आर्थिक ऐपत आणि त्याला मतदानाला आणण्यासाठी काय करावे लागेल, याची नोंद ठेवली. कोणाकडून वर्गणी मागायची आणि कोणाकडून फक्त काम करून घ्यायचे हेही ठरलेले असे. जर्मन भाषकांच्या वस्तीत जर्मन बोलणारे कार्यकर्ते पाठवले गेले. त्याचे घर कार्यकर्त्यांसाठी दिवसरात्र उघडे होते, जेवणखाण तिथेच, आणि डुलकी काढायला जमिनीवर गाद्या. टॅमनी सोसायटी या रिपब्लिकनांकडे झुकलेल्या शहरी संघटनेचे लोक हाताशी होते. मतदानाच्या तीन दिवसांत बर आणि हॅमिल्टन दोघेही केंद्राकेंद्रांवर जाऊन भाषणे करत होते. हॅमिल्टन घोड्यावरून वॉर्ड पालथे घालत होता. सभ्य गृहस्थाने मते मागत हिंडू नये असा तेव्हाचा संकेत होता, आणि इथे दोन नामांकित वकील तो उघड मोडत होते.

संघटनेचे कौतुक करताना लोकांच्या नाराजीकडे दुर्लक्ष होऊ नये. फ्रान्सशी युद्धाच्या सावटात केंद्राने घरांवर व जमिनीवर प्रत्यक्ष कर बसवला होता, फौज वाढवली होती आणि १७९८ च्या राजद्रोह कायद्याने सरकारवरची टीका गुन्हा ठरवली होती. या कायद्यांविरुद्ध अर्जावर सह्या गोळा केल्याबद्दल ओट्सेगो काउंटीचा विधानसभा सदस्य जेडेडाया पेक याला १७९९ मध्ये अटक झाली आणि खटल्यासाठी थेट न्यूयॉर्क शहरापर्यंत नेण्यात आले. वाटेत जमलेल्या लोकांनी त्याला वीराचा मान दिला. पुढे खटला सोडून द्यावा लागला, पण रिपब्लिकनांना याहून चांगला प्रचारक मिळाला नसता.

१ मे रोजी मतदान संपले आणि मोजणीत रिपब्लिकनांचे तेराही उमेदवार काहीशे मतांच्या आघाडीने निवडून आले. गरीब वस्तीच्या सहाव्या आणि सातव्या वॉर्डांनी हा फरक घडवला. बातमी दोन दिवसांत फिलाडेल्फियाला, तेव्हाच्या राजधानीत, पोचली. रिपब्लिकन खासदारांनी उपाध्यक्षपदासाठी न्यूयॉर्कचा माणूस हवा असे ठरवून ११ मे रोजी बरला पसंती दिली. ॲडम्सने त्याच दिवसांत हॅमिल्टनच्या प्रभावाखालचे युद्धमंत्री मॅकहेन्री आणि परराष्ट्रमंत्री पिकरिंग यांना मंत्रिमंडळाबाहेर काढले.

हॅमिल्टनने ७ मे रोजी गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहून एक तोड सुचवली. नवे विधिमंडळ १ जुलैपासून अस्तित्वात येणार होते. तोवर जुने, फेडरलिस्ट बहुमताचे विधिमंडळ तातडीने बोलवावे आणि निर्वाचकांची निवड जिल्हावार मतदानाने करण्याचा कायदा करून घ्यावा, म्हणजे निदान काही मते वाचतील. अशा काळात फार काटेकोर राहून चालत नाही, धर्माच्या बाबतीत नास्तिक आणि राजकारणात माथेफिरू असलेल्या माणसाच्या हाती सुकाणू जाऊ देता कामा नये, असे त्याने लिहिले. त्याचा सासरा फिलिप स्कायलर यानेही जेला तशीच गळ घातली. यातली गंमत अशी की, जिल्हावार निवडीचा प्रस्ताव त्याच वर्षी वसंताच्या आधी रिपब्लिकनांनी मांडला होता, आणि आपले बहुमत पक्के समजून फेडरलिस्टांनीच तो फेटाळला होता. तत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंना नव्हता.

जेने पत्राला उत्तर दिले नाही. कागदाच्या पाठीवर त्याने शेरा मारून ठेवला : पक्षाच्या स्वार्थासाठी सुचवलेला उपाय, जो स्वीकारणे मला शोभणार नाही. १७९२ मध्ये काही काउंट्यांची मते तांत्रिक कारणांवरून बाद करून याच जेच्या हातून गव्हर्नरपद काढून घेतले गेले होते, आणि त्याचा फायदा क्लिंटनला झाला होता. सूड उगवायला त्याला कारण होते. त्याचे हे पाऊल थोर म्हणून नेहमी सांगितले जाते, ते योग्यच. पण विधिमंडळ बोलावले असते तर रिपब्लिकनांनीही गप्प बसण्याचे कारण नव्हते, आणि राज्यात केवढा गोंधळ माजला असता याचा अंदाज इतक्या वर्षांच्या वकील-न्यायाधीशाला असणारच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, नवे विधिमंडळ बसले. सिनेट फेडरलिस्ट असले तरी संयुक्त मतदानात विधानसभेच्या बहुमतापुढे त्याचे चालले नाही, आणि बाराही निर्वाचक रिपब्लिकन नेमले गेले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा विल्यम फ्लॉइड हा त्यांतला एक. बर स्वतः ऑरेंज काउंटीचा आमदार म्हणून त्या सभागृहात होता.

तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन मते देई आणि त्यांत अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण असा भेद नसे. देशाचा निकाल असा लागला : जेफरसन ७३, बर ७३, ॲडम्स ६५, पिंकनी ६४, जॉन जे १. न्यूयॉर्कची १२ मते उलटी पडली असती तर ॲडम्स ७७ वर आणि जेफरसन ६१ वर राहिला असता. न्यूयॉर्क वगळून पाहिले तर ॲडम्सला १७९६ मध्ये ५९ मते होती आणि १८०० मध्ये ६५, म्हणजे बाकीच्या देशात तो मागच्यापेक्षा पुढेच गेला होता. ‘१८०० ची क्रांती’ म्हणून देशभर लाट उसळल्याचे वर्णन केले जाते, त्याला हे आकडे फारसा आधार देत नाहीत. अर्थात राज्यांची मते ठरवताना दक्षिणेतल्या गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली जाई, ती धरली नसती तर जेफरसनचा आकडा इतका वर गेलाच नसता, त्यामुळे एकट्या न्यूयॉर्कला श्रेय देणेही पुरेसे नाही.

जेफरसन आणि बरची मते समान पडल्याने निवड केंद्रीय प्रतिनिधिगृहाकडे गेली, जिथे प्रत्येक राज्याच्या शिष्टमंडळाला एक मत होते. फेब्रुवारी १८०१ मध्ये ३६ फेऱ्यांनंतर जेफरसन निवडला गेला. या फेऱ्यांत न्यूयॉर्कचे शिष्टमंडळ, ज्यात सहा रिपब्लिकन आणि चार फेडरलिस्ट होते, आपल्याच राज्याच्या बरऐवजी सुरुवातीपासून जेफरसनच्या बाजूने राहिले. बरने स्वतःहून माघार घेतली नाही, हे जेफरसन विसरला नाही. १८०४ मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी जॉर्ज क्लिंटनकडे गेली, बाराव्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष आणि उपाध्यक्षांसाठी वेगळे मतदान सुरू झाले, आणि त्याच वर्षी ११ जुलैला द्वंद्वयुद्धात बरची गोळी लागून हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्या भांडणाची कारणे वेगळी आणि पुढची आहेत.

निर्वाचक नेमण्याचा विधिमंडळाचा अधिकार न्यूयॉर्कमध्ये १८२४ पर्यंत टिकला. त्या वर्षी ३६ मते चार उमेदवारांत विभागली गेली. १८२८ मध्ये जिल्हावार पद्धत प्रथमच वापरली गेली, तेव्हा अँड्र्यू जॅक्सनला २० आणि जॉन क्विन्सी ॲडम्सला १६ मते मिळाली. १८३२ पासून राज्यभर एकच यादी आणि जिंकणाऱ्याला सगळी मते, ही पद्धत आली आणि ती आजही चालू आहे.