कर्जाच्या रकान्यात अडकलेला पुरुष

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १,२२,७२४ पुरुष, म्हणजे शंभरात जवळपास ७२. २००१ मध्ये हे प्रमाण ६१ च्या आसपास होते. महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, देशात सर्वांत मोठा. तरी ‘पुरुषांच्या आत्महत्या’ असा विषय आपल्याकडे क्वचितच निघतो. आपण बोलतो ते शेतकरी आत्महत्यांबद्दल. त्या वर्षी नोंदलेल्या ५,२०७ शेतकऱ्यांपैकी ४,९९९ पुरुष होते. अर्थात सातबारा बहुधा पुरुषाच्याच नावावर असतो, त्यामुळे शेतात राबणाऱ्या बाईची नोंद ‘गृहिणी’ म्हणून होण्याची शक्यता मोठी. पण तेवढ्याने ही तफावत भरून निघत नाही.

वऱ्हाडात शेतकरी आत्महत्या कशा वाढत गेल्या? १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा. चुकारे रखडायचे, ग्रेडिंगवरून भांडणे व्हायची, पण माल घेणारा ठरलेला असायचा. नव्वदीच्या उत्तरार्धात जागतिक बाजारात कापूस पडला, योजना तोट्यात रुतली आणि पुढच्या काही वर्षांत एकाधिकार संपला. २००२ मध्ये बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाला परवानगी मिळाली. महाग बियाणे, बहुतांश कोरडवाहू जमीन आणि कृषी केंद्रावरची उधारी, असा नवा हिशेब सुरू झाला.

इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल जानेवारी २००६ मध्ये आला. राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमधला आत्महत्येचा दर १९९५ मध्ये लाखामागे १५ होता, तो २००४ मध्ये ५७ वर गेल्याचे त्यात दिसले. पश्चिम विदर्भातल्या १११ घरांत जाऊन केलेली पाहणी त्याहून बोलकी आहे. कर्ज ८७ टक्के घरांत होते, खालावलेली आर्थिक स्थिती ७४ टक्के घरांत. पण घरातले वाद ५५ टक्के, नापिकी ४१, गावातला मान उतरणे ३६, बहीण-मुलीच्या लग्नाचे ओझे ३४, व्यसन २८ टक्के. शेजारच्या गावात नुकतीच आत्महत्या झालेली असणे, हेही जवळपास एक-तृतीयांश घरांत आढळले. बातमी कशी द्यावी, याचा विचार आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हाच करायला हवा होता. या टक्केवारीची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, कारण एकेका माणसावर तीन-चार गोष्टी एकदम कोसळत होत्या.

सरकारी यंत्रणेने त्यातली कर्ज ही एकच गोष्ट उचलली. वारसांना एक लाख रुपयांची मदत ठरली आणि त्यासाठी ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशा याद्या निघू लागल्या. जमीन नावावर हवी, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे आणि थकलेले हवे. बापाच्या नावावरची जमीन कसणारा मुलगा, दारूत बुडालेला, आजाराने खचलेला असे अनेकजण अपात्रांच्या यादीत जाण्याचीच शक्यता जास्त. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ मध्ये कर्जमाफी झाली. हे सगळे आवश्यकच होते. मात्र मनाच्या आजारावर बोलणे म्हणजे शेतीच्या अर्थकारणावरून लक्ष उडवणे, अशी शंका शेतकरी चळवळीत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. तिची किंमत मात्र नैराश्याच्या उपचारांनी मोजली, असे मला वाटते.

२०११ नंतर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत समुपदेशन सुरू झाले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुणाची मदत घेत होते. प्रकल्पानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये राज्य सरकारने १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला.

आता चित्र शेतीपुरते उरलेले नाही. २०२२ च्या नोंदींत सव्वीस टक्क्यांहून अधिक जण रोजंदारीवर काम करणारे होते. २०२१ मध्ये आत्महत्या केलेल्या पुरुषांपैकी ८१ हजारांहून अधिक विवाहित होते. विवाहित स्त्रियांची संख्या २९ हजारांच्या आत. ‘कौटुंबिक समस्या’ हे २०२२ च्या नोंदींतले सर्वांत मोठे कारण, ३१.७ टक्के. पण हे कारण पोलीस तपासातून लिहिले जाते आणि एका माणसामागे एकच लिहिले जाते. पगार बंद झाला, दारू वाढली, बायको माहेरी गेली, तर रकाना कोणता भरायचा?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाचा परिणाम म्हणून पाहायला सांगितले. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे. स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठीही तिथे फोन करून मराठीत बोलता येते.