किचन ट्रॉल्या स्वतः बसवायच्या की माणूस बोलवायचा?

हल्ली दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच, की व्हिडिओ बघितलेत, ड्रिल मशीन घरात आहे, मग फिटिंगचे पैसे तुम्हाला कशाला द्यायचे. प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये नवी मुंबईत आयकिया आल्यापासून तर बऱ्याच जणांनी खोकी उघडून स्वतःची कपाटं स्वतः जोडलीत आणि जमलंय त्यांना, त्यात काही जादू नाही. आम्ही कोटेशनमध्ये फिटिंगचा चार्ज वेगळ्या ओळीत लिहितो, ती ओळ ठेवायची, खोडायची की अर्धीच ठेवायची ते हे वाचून तुम्हीच ठरवा. आमचं म्हणाल तर बहुतेक घरांसाठी अर्धीच बरी.

आधी भिंत बघा, मग स्वतःचा उत्साह

बॉक्स, म्हणजे कपाटाचा सांगाडा, जोडणं सोपं आहे. भोकं कारखान्यातून पाडून येतात, स्क्रू मोजून येतात, चुकलं तर उघडून परत करता येतं. घोळ होतो तो भिंतीपाशी, कारण बॉक्स काटकोनात असतो आणि भिंत नसते. नवीन बिल्डिंग असली तरी नसते. एल आकाराचा ओटा असेल तर कोपरा तपासून बघा, गुण्या नसला तरी चालेल, कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर आणि दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर टेपने मोजा. बरोबर ५ फूट आलं तर तुमचा गवंडी देवमाणूस. अर्धा इंच इकडेतिकडे आलं तर फिलर पट्टी, म्हणजे बॉक्स आणि भिंतीमधली फट झाकणारी पट्टी, लावून निभतं पण ती पट्टी वरून खालपर्यंत तिरकी कापावी लागते आणि ते हातकरवतीचं काम नाही. भिंत उभी सरळ आहे का ते बघायला ओळंब्याऐवजी दोऱ्याला जड नट बांधून भिंतीशी सोडला तरी पुरतं.

कडप्प्याच्या जुन्या ओट्याखाली नुसत्या ट्रॉल्या टाकायच्या असतील तर प्रत्येक कप्पा तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये आणि खाली, आणि सगळ्यात कमी आलेलं माप धरा. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे ट्रॉली ज्याच्यावर आत-बाहेर सरकते ती पट्टी, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच खातो म्हणजे ट्रॉली आतल्या मापापेक्षा एक इंच कमी लागते. हे विसरून लोक कप्प्याच्या मापाचीच ट्रॉली बनवून आणतात आणि मग ती कडप्पा घासत आत जाते नाहीतर जातच नाही.

चूक आमचीही झालीय, लपवत नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका घरी टाइल्स लागायच्या आधीच मापं घेतली, कारण गिऱ्हाईक घाईत होतं आणि आम्हीही. टाइल आणि तिच्यामागचा माल धरून दोन्हीकडून जवळजवळ एकेक इंच गेला. बॉक्स वर्कशॉपला परत आणून कापले, खर्च आमचाच. तेव्हापासून टाइल्स लागल्याशिवाय टेप बाहेर काढत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

भिंतीवरची कपाटं

इथे मात्र हात जोडून सांगतो, भिंत कसली आहे ते कळल्याशिवाय काही लटकवू नका. एक भोक पाडा आणि भुगा बघा. लाल आला तर विटांची भिंत, साधा प्लग आणि स्क्रू धरतो. करडी धूळ आली आणि बिट पुढे जायलाच तयार नाही म्हणजे मायवानचं, साच्यात ओतलेल्या भिंतीचं काँक्रीट, त्याला चांगलं हॅमर मशीन लागतं, एकदा पाडलेलं भोक मात्र जन्मभर धरतं. पांढरं रवाळ पीठ पडलं आणि बिट लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला तर तो हलका ब्लॉक, आणि गडबड तिथेच होते. ब्लॉकमध्ये हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडायचं, त्याच्यासाठी मिळणारे लांब नायलॉन अँकर वापरायचे आणि कपाट दोन स्क्रूंवर न टांगता मागे आडवी लोखंडी पट्टी टाकून तिच्यावर टांगायचं, म्हणजे वजन पसरतं.

आमच्या एका गिऱ्हाइकाने ३ फुटी क्रॉकरी युनिट अशा भिंतीवर साध्या प्लगवर टांगलं. काम दिसायला सुरेख होतं, लेव्हलमध्ये, आमच्या पोरांनीही मान डोलावली असती. आठ दिवसांनी वहिनींना दिसलं की युनिटच्या वर टाइलशी बोट जाईल एवढी फट पडलीय. नशीब की दिसलं, आत लग्नातला अख्खा डिनर सेट होता. १८ एमएम प्लायची ८ बाय ४ ची एक शीटच तीस किलोच्या वर भरते, कपाटाला त्यातली बरीचशी जाते, वर काचेची भांडी, हिशोब तुम्हीच करा.

जे तुम्ही खुशाल करा

बॉक्स जोडणं, हँडल लावणं, बास्केट आणि कटलरी ट्रे टाकणं, खालचे पाय फिरवून लेव्हल करणं, स्कर्टिंगची पट्टी क्लिपवर दाबणं. आणि बिजागरी ॲडजस्ट करणं तर प्रत्येकाने शिकावंच, त्यासाठी आम्हाला फोन करून व्हिजिट चार्ज देऊ नका. दोन शटर एकमेकांना घासतायत किंवा मधली फट वरती बारीक खाली मोठी दिसतेय तर शटर उघडा, बिजागरीच्या दांडीवर दोन स्क्रू दिसतील. शटरकडचा स्क्रू फिरवला की शटर डावी-उजवीकडे सरकतं, मागचा ढिला केला की आत-बाहेर, आणि बॉक्सला लावलेल्या प्लेटचे स्क्रू ढिले केले की वर-खाली. एका वेळी अर्धाच फेरा, मग शटर बंद करून बघायचं.

ज्याला हात लावू नका

गॅस. पाइप गॅस असेल तर मीटर किंवा पाइप सरकवायचं काम गॅस कंपनीचाच माणूस करणार, पुण्यात एमएनजीएल, मुंबईत महानगर गॅस, आणि आम्हीही त्याला हात लावत नाही. मीटर बंद कपाटात कोंडायचा नाही. सिलिंडर ट्रॉलीत ठेवत असाल तर शटरला खालच्या बाजूला जाळी हवी कारण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. पाइप गॅस हलका असतो, त्याची जाळी वर.

ओव्हनसाठी १६ अँपिअरचा पॉइंट इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या, मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर अडॅप्टर लावून भागवू नका. आणि सिंकखालचा बॉक्स. पाइपसाठी प्लायला भोक पाडलं की ती कापलेली कड उघडी राहते आणि तिथूनच पाणी शिरतं. मरीन प्लाय असला, त्याच्यावर आयएस ७१० या मानकाचा शिक्का असला तरी कड सिलिकॉनने बंद करायचीच. हे भोक तुम्ही पाडलंत आणि बॉक्स फुगला तर वॉरंटीत बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

जाता जाता, बाहेरून स्टीलच्या ट्रॉल्या आणणार असाल तर लोहचुंबकाच्या टेस्टवर जाऊ नका. ३०४ या चांगल्या ग्रेडच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही तसा २०२ या स्वस्त ग्रेडलाही सहसा चिकटत नाही, त्यामुळे दुकानदाराने खिशातून चुंबक काढला तर हसून बिलावर ग्रेड लिहून मागा.

वेळेचं म्हणाल तर १० फुटी ओटा आमची दोन माणसं एका दिवसात उरकतात, तुम्हाला दोन-तीन रविवार धरा आणि तेवढे दिवस भांडी हॉलमध्ये. सोसायटीत दुपारी मशीन चालवू देतात का तेही आधी विचारून घ्या.

अर्धं काम आमच्याकडे द्यायचं असेल तर सांगा, भिंतीवरची कपाटं आणि सिंकचा बॉक्स आम्ही बसवू, बाकी तुम्ही, आणि चार्ज तेवढाच लागेल. मापं घ्यायला येऊ तेव्हा ओट्याखालचं सामान फक्त बाहेर काढून ठेवा. गव्हाच्या कोठीसकट.