मिरचीचे पान कोणत्या बाजूला वळले आहे?

कुंडीतल्या मिरचीची पाने आकसू लागली की ‘बोकड्या आला’ किंवा ‘चुरडा-मुरडा झाला’ असे म्हणून हाताशी असेल ते औषध फवारण्याची घाई होते. त्याआधी एक पान हातात घेऊन नीट पाहावे. त्याच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम असते. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला, तर मिलिमीटरभर लांबीचे पिवळसर किडे सरपटताना दिसतात. कडा खाली वळून पान अरुंद आणि देठ लांबट झाला असेल, तर मात्र कोळीचा (घरातला कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारा ‘माइट’ हा सूक्ष्म जीव) संशय घ्यावा. ही कोळी इतकी बारीक असते की भिंग लागतेच. तिला आठ पाय असतात, म्हणजे ती कीटक नव्हे. त्यामुळे कीटकांवरची अनेक औषधे तिच्यावर चालत नाहीत, उलट तिला खाणारे मित्रकीटक मरतात आणि ती अधिकच फोफावते. पाने लहान, पिवळट राहून झाड खुरटले आणि हलवताच पांढऱ्या माश्या उडाल्या, तर त्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. अशा झाडाला कोणतीही फवारणी बरे करू शकत नाही, ते उपटणेच योग्य.

लिंबाच्या कोवळ्या पानावर रुपेरी नागमोडी रेघ दिसली, तर नागअळी पानाच्या आत, वरच्या पापुद्र्याखाली, खात पुढे सरकलेली असते; रेघेतला काळपट दोरा ही तिची विष्ठा. त्याच झाडावर पक्ष्याच्या शिटेसारखे काही पानाला चिकटलेले दिसले, तर काडीने हलकेच स्पर्श करावा. डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर आले आणि उग्र वास सुटला, तर ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठ्या झाडावर तिला राहू द्यावे, असे मला मनापासून वाटते. लहान रोपावरून मात्र हाताने उचलावी.

गुलाबाच्या पानाला कडेने कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल काप पडले असतील, तर काहीच करू नये. ते तुकडे एक मधमाशी घरट्याच्या अस्तरासाठी नेते, पान खात नाही.

कोवळ्या शेंड्यावर मावा (रस शोषणारे बारीक किडे), त्याने सोडलेला चिकटा आणि मुंग्या दिसल्या की पाण्याचा फवारा मारण्यापूर्वी त्या गर्दीत काळपट, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी आहे का, ते पाहावे. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असून मावाच खात असते.