इंजेक्शन मोल्डिंग यंत्राच्या भागांचे ‘आयुष्य’: एका शब्दाची पार्श्वभूमी

वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू बनवणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्राचा एखादा भाग किती टिकतो, या प्रश्नाचे उत्तर कोणी वर्षांत देतो, कोणी तासांत, तर कोणी शॉटच्या, म्हणजे साचा भरण्याच्या फेऱ्यांच्या, संख्येत. ही तिन्ही मापे या व्यवसायात वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या कारणांनी आली, पुढे ती एकमेकांत मिसळली आणि आजच्या बहुतेक वादांचे मूळ या मिसळीत आहे. १० सेकंदांच्या सायकलने, म्हणजे एका शॉटला १० सेकंद घेत, दिवसरात्र चालणारे यंत्र ३०० दिवसांत सुमारे २६ लाख शॉट मारते, तर ६० सेकंदांच्या सायकलचे यंत्र तेवढ्याच दिवसांत ४ लाख ३२ हजार. कागदोपत्री दोन्ही यंत्रांचे वय मात्र एकच वर्ष असते.

या प्रक्रियेचे पहिले एकस्व (पेटंट) १८७२ सालचे आहे आणि ते सेल्युलॉइडसाठी होते. त्यानंतर जवळजवळ ८० वर्षे प्लंजरचे, म्हणजे प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या दट्ट्याचे, राज्य राहिले. पदार्थ मऊ होते, दट्ट्या फक्त पुढेमागे सरकत असे आणि वितळवण्याचे काम मुख्यतः बॅरलच्या, म्हणजे तो ज्या तापलेल्या नळीत सरकतो तिच्या, उष्णतेवर सोपवलेले होते. त्यामुळे झीज हा त्या काळी मोठा विषय झाला नाही.

१९५० च्या दशकात दट्ट्याच्या जागी बॅरलमध्ये फिरता आणि पुढेमागे सरकणारा स्क्रू आला, तेव्हा चित्र पालटले. प्लास्टिक वितळवण्यासाठी लागणारी बरीच ऊर्जा आता घर्षणातून मिळू लागली आणि ज्या पृष्ठभागांवर हे घर्षण होते तेच झिजू लागले. पुढे काचतंतू भरलेल्या नायलॉनसारख्या पदार्थांचा वापर वाढला, तशी ही झीज कारखान्याच्या नजरेत भरली. अर्धवट वितळलेल्या दाण्यांतून बाहेर आलेली तंतूंची टोके स्क्रूच्या कडा आणि बॅरलची आतली भिंत घासतात. पीव्हीसी जास्त तापला तर त्यातून निघणारे हायड्रोजन क्लोराइड धातू खाते. झीज आणि गंज ही दोन वेगळी दुखणी असून त्यांवरचे उपायही वेगळे आहेत, पण तक्रार नोंदवताना दोन्हींना ‘बॅरल गेला’ असे एकच नाव दिले जाते.

सुरुवातीचा उपाय नायट्रायडिंगचा, म्हणजे पोलादात नायट्रोजन मुरवण्याचा, होता. या प्रक्रियेत पोलादाच्या पृष्ठभागावर अतिशय कठीण थर तयार होतो, पण त्याची खोली मिलिमीटरच्या काही दशांशांपुरतीच असते आणि आत जावे तशी कठीणता उतरत जाते. वरचा थर शाबूत आहे तोवर काच त्याला सावकाश झिजवते. तो संपला की खालचे गाभ्याचे पोलाद काचेपेक्षा मऊ निघते आणि झीज एकाएकी वेग घेते. म्हणून बराच काळ ‘काहीच झाले नाही’ असे दिसणारा बॅरल पुढच्या थोड्याच काळात निकामी होतो. बायमेटॅलिक बॅरलमध्ये, म्हणजे आतून लोह किंवा निकेलवर आधारित कठीण मिश्रधातूचे अस्तर ओतलेल्या बॅरलमध्ये, कठीणता अस्तराच्या पूर्ण जाडीभर जवळजवळ सारखी असते. काचतंतूंच्या कामाला हा फरक निर्णायक ठरतो. नायट्राइड केलेल्या बॅरलची कमी किंमत पाहून घेतलेले निर्णय अशा कामात बहुधा महाग पडले आहेत.

इथेच ‘आयुष्य’ या शब्दाची पहिली अडचण उभी राहते. स्क्रू तुटणे ही विरळ घटना आहे. तो झिजत जातो. मग तो संपला असे कधी म्हणायचे? नव्या स्क्रूची कड आणि बॅरल यांमधली फट एका बाजूला व्यासाच्या साधारण हजारांश भागाएवढी असते, म्हणजे ५० मिलिमीटरच्या स्क्रूला सुमारे ०.०५ मिलिमीटर. दाबामुळे या फटीतून मागे सरणारा प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे फट दुप्पट झाली की ही गळती आठपट होते. जाड, साध्या वस्तूला हे चालून जाते. वजनाचा काटेकोरपणा हवा असलेल्या वस्तूला तोच स्क्रू नालायक ठरतो. चेक रिंगचे, म्हणजे स्क्रूच्या टोकाशी प्लास्टिक मागे येऊ न देणाऱ्या कड्याचे, तर याहून लवकर होते. ती बहुधा सर्वांत आधी बदलावी लागते आणि कुशन, म्हणजे शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारे थोडे प्लास्टिक, स्थिर न राहणे ही तिच्या गळतीची ठळक खूण असते. म्हणजे भागाचा शेवट धातू जितका ठरवतो, तितकाच त्यातून निघणारी वस्तूही ठरवते. छापील आकडा देताना ही अट सहसा गाळली जाते.

दुसरी, जास्त गुंतागुंतीची अडचण बेअरिंगच्या शास्त्रातून आली. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धांतामुळे बेअरिंगचे आयुष्य भारावरून काढण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘एल-१०’ हे माप प्रचारात आले. एकसारखी बेअरिंगे एकाच भाराखाली चालवली असता १० टक्के ज्या फेऱ्यांपर्यंत थकव्याने निकामी होतात आणि ९० टक्के टिकतात, तो हा आकडा. तो सरासरी नव्हे. निम्मी बेअरिंगे याच्या सुमारे पाचपट टिकतात. तो हमीही नव्हे, कारण दहातले एक त्याआधीच जाणार हे व्याख्येतच गृहीत धरलेले आहे. १९८० च्या दशकात जपानमधून संपूर्ण विद्युत यंत्रे येऊ लागली, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरची जागा बॉल स्क्रूने, म्हणजे मोटरचे फिरणे सरळ सरकण्यात बदलणाऱ्या, गोळ्यांवर चालणाऱ्या आट्यांच्या दांड्याने, घेतली आणि बेअरिंगसाठी घडलेले हे माप मोल्डिंगच्या माहितीपत्रकांत शिरले. विक्रीच्या भाषेत त्याचे ‘अपेक्षित आयुष्य’ झाले आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘तोवर काही होणार नाही’ असा घेतला.

या गणिताचे गृहीतकही मोल्डिंगला पुरते लागू पडत नाही. भार दुप्पट केला की बॉल स्क्रूचे आयुष्य आठव्या हिश्शावर येते, हे सूत्रातच आहे. पण होल्डिंग प्रेशरच्या वेळी, म्हणजे साचा भरल्यावर प्लास्टिक दाबून धरताना, यंत्र पूर्ण भार घेऊन जवळजवळ एकाच जागी थांबते आणि पुढच्या प्रत्येक शॉटला त्याच थोड्या लांबीवर तोच भार येतो. एवढ्या लहान हालचालीत ग्रीस नीट पसरत नाही. ग्रीस वेळेवर न दिलेला बॉल स्क्रू हिशेबातल्या थकव्याची वाट न पाहता त्याआधीच जातो. एल-१० चा आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

हायड्रॉलिक यंत्रांत हा घोळ कमी होता, कारण तिथला शत्रू बऱ्याच अंशी डोळ्यांसमोर होता: तेलातली घाण. कणांच्या संख्येवरून तेलाची स्वच्छता सांगणारी संकेतपद्धती १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि १९९९ साली ती दोनऐवजी तीन आकड्यांची झाली. पंप आणि व्हॉल्व्ह किती वर्षांचे आहेत यापेक्षा तेल कसे आहे हे विचारण्याची सवय तिच्यामुळे रुजली. टाय बारची, म्हणजे साचा बंद धरताना ताण घेणाऱ्या जाड दांड्यांची, गोष्ट वेगळी आहे. प्लॅटन, म्हणजे साच्याचे दोन भाग ज्यांवर बसतात त्या जाड प्लेट, समांतर नसतील किंवा मोल्ड (साचा) एका बाजूला बसवला असेल, तर एका बारवर जास्त ताण येतो आणि तो बहुधा नटाच्या पहिल्या आट्याजवळ थकून तुटतो.

अलीकडच्या काळात यांत्रिक भाग धडधाकट असूनही यंत्र थांबते, ते कंट्रोलरमुळे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागामुळे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, आणि जुन्या कार्डाचे उत्पादन बंद झाले असेल तर दुरुस्ती अडून बसते. जुनी यंत्रे विकताना दाखवल्या जाणाऱ्या तासांच्या मीटरचा अर्थही याच काळात बदलला. जुन्या हायड्रॉलिक यंत्रात पंपाची मोटर यंत्र रिकामे उभे असतानाही फिरत राही, म्हणून मीटर काम झाल्यापेक्षा जास्त तास दाखवी; गरजेपुरत्याच फिरणाऱ्या सर्व्हो पंपाच्या यंत्रात मोटर वस्तू थंड होण्याच्या (कूलिंगच्या) वेळी थांबते किंवा अगदी मंद फिरते, त्यामुळे मोटरच्या फिरण्यावर चालणारा मीटर कमी तास दाखवतो. मीटरवर १० हजार तास दाखवणाऱ्या अशा दोन यंत्रांनी मारलेले शॉट सारखे असतीलच असे नाही, आणि स्क्रूची झीज त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी स्क्रू बाहेर काढून मापावाच लागतो.