इंग्लंडमध्ये आई-वडिलांच्या देखभालीसाठी कौन्सिलकडे अर्ज: नकार कुठे मिळतो आणि दाद कशी मागायची

इंग्लंडमध्ये वृद्ध किंवा अपंग प्रौढांच्या देखभालीची जबाबदारी २०१४ च्या केअर ॲक्टने स्थानिक कौन्सिलवर टाकलेली आहे. औषधपाणी एनएचएसकडे (सरकारी आरोग्यसेवेकडे) असते. पण अंघोळ घालायला येणारी बाई, डे सेंटर, बाथरूममधले आधाराचे दांडे आणि वेळ आलीच तर केअर होम हे सारे कौन्सिलच्या अखत्यारीत येते आणि त्यातले बरेचसे मोफत नसते. मराठी कुटुंबांना हे अर्ज भरायला मदत करताना मला वारंवार असे आढळले आहे की, नकार अपात्रतेमुळे क्वचितच येतो. तो पहिल्या भेटीत दिलेल्या दोन-चार उत्तरांमुळे आणि भारतातल्या कागदपत्रांमुळे येतो. त्यामुळे येथे त्या दोन गोष्टींवरच अधिक लिहिले आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, त्यांना हे लागू नाही.

अर्ज फोनवर किंवा ऑनलाइन करता येतो. लंडनमध्ये तो आपल्या ‘बरो’कडे (तिथल्या स्थानिक कौन्सिलकडे) करायचा असतो, परंतु जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना आहे तिथे तो काउंटीकडे जातो. वॉटफर्डमध्ये राहणाऱ्याने वॉटफर्डच्या कौन्सिलला लिहिले तर उपयोग नाही, हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलला लिहावे लागते. मागायचे ते केअर ॲक्टच्या कलम ९ खालील गरजांचे असेसमेंट, आणि हे कलम शब्दशः नमूद करावे. फोन उचलणारी व्यक्ती पुष्कळदा पहिलाच प्रश्न बचतीचा विचारते आणि आकडा मोठा ऐकला की खासगी एजन्सींची यादी पाठवून मोकळी होते. असा निर्णय घेण्याचा अधिकार त्या व्यक्तीला कायद्याने दिलेला नाही. व्यक्तीला देखभालीची गरज असावी असे दिसले की, तिच्याकडे कितीही पैसा असला तरी कौन्सिलला असेसमेंट करावेच लागते, ते विनामूल्य असते, आणि पैशांची चौकशी त्यानंतर येते.

पात्रतेच्या अटी तीन आहेत. गरज शारीरिक किंवा मानसिक आजारातून वा अपंगत्वातून उद्भवलेली हवी, त्यामुळे कायद्यात दिलेल्या दहा गोष्टींपैकी किमान दोन त्या व्यक्तीला जमत नसाव्यात, आणि त्याचा तिच्या स्वास्थ्यावर लक्षणीय परिणाम होत असावा. खाणे-पिणे, अंगाची स्वच्छता, शौचाला जाणे, योग्य कपडे घालणे, घरात सुरक्षित वावरणे, नातीगोती टिकवणे, बस पकडून दुकानात जाणे अशा त्या गोष्टी आहेत. ‘जमत नाही’ याचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा. काम करताना खूप वेदना होत असतील, जिवाला धोका असेल किंवा नेहमीपेक्षा फारच वेळ लागत असेल, तर काम शेवटी झाले तरी कायद्याच्या दृष्टीने ते जमलेले नसते.

एका असेसमेंटला मी स्वतः हजर होते. ऐंशी ओलांडलेल्या आजींना दुभाष्यामार्फत विचारले गेले, “तुम्ही अंघोळ करता का?” आजी ताठ बसून म्हणाल्या, “करते ना, रोज सकाळी, पूजेच्या आधी.” दुभाष्याने प्रामाणिकपणे ‘हो’ सांगितले आणि त्या रकान्यात खूण झाली. प्रत्यक्षात सून त्यांना हाताला धरून टबात ठेवलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवते, पाणी घालते, पाठ चोळते, पुसते आणि साडी नेसवते. मराठीत अंघोळ कोणीही घातली तरी ती ‘केलेली’च असते, आणि परक्या बाईसमोर आपली असहायता उघड करणे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले नाही. त्यातच मुलगा शेजारून म्हणाला, “काळजी करू नका, आम्ही आहोत ना.” या वाक्याने जितके अर्ज बुडाले तितके दुसऱ्या कशानेही बुडाले नसतील. कुटुंब जे करते ते बाजूला ठेवून, मदत नसती तर काय झाले असते यावरच पात्रता ठरवावी असा नियम आहे. कुटुंबाची मदत पुढे देखभालीचा आराखडा आखताना, आणि तीही कुटुंबाची तयारी असेल तेवढीच, विचारात घेतात.

म्हणून भेटीपूर्वी आठवडाभराची वही ठेवावी: रात्री किती वेळा उठवावे लागले, गॅस कधी चालू राहिला, जिन्यात तोल कधी गेला. मराठी दुभाषा लेखी मागावा, नाहीतर ‘इंडियन’ म्हणून हिंदी किंवा गुजराती बोलणारा पाठवतात. देखभाल करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला कलम १० खाली स्वतःचे वेगळे असेसमेंट मागता येते. ते ती मागत नाही, कारण आपण ‘केअरर’ आहोत हेच तिला ठाऊक नसते. असेसमेंटला कायद्यात ठरावीक मुदत नाही, मात्र कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणारा लोकपाल सामान्यतः चार ते सहा आठवडे रास्त मानतो. नकार आला तर त्याची कारणे लेखी मिळायलाच हवीत.

पात्र ठरल्यावर आर्थिक तपासणी होते. ती फक्त त्या व्यक्तीच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची असते, मुलाच्या पगाराची नव्हे. मालमत्ता २३,२५० पौंडांहून अधिक असेल तर संपूर्ण खर्च स्वतः करावा लागतो आणि १४,२५० पौंडांपर्यंतची रक्कम धरली जात नाही. मधल्या रकमेत दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न मानतात, म्हणजे १८,००० पौंड असतील तर आठवड्याला १५. हे आकडे २०१० पासून हललेले नाहीत. देखभालीवरच्या एकूण खर्चाला ८६,००० पौंडांची मर्यादा आहे असे अजूनही सांगितले जाते. ती योजना सरकारने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. रुग्णालयातून घरी आल्यावर मिळणारी सहा आठवड्यांपर्यंतची मोफत मदत ही कायमची सोय समजली जाते आणि सातव्या आठवड्याचे बिल पाहून घर हादरते, हेही येथेच सांगितलेले बरे.

घरीच देखभाल होत असेल तर राहते घर मोजत नाहीत, परंतु पुण्यातला रिकामा फ्लॅट मोजतात. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का व्याज जास्त मिळते म्हणून मुलाने आईच्या नावावर ठेवलेली एफडीही कागदोपत्री आईचीच ठरते. ते पैसे मुलाचे होते हे दाखवायला मूळ खात्यातून रक्कम गेल्याचे बँकेचे उतारे लागतात आणि ते दहा वर्षांनी सहसा कोणाकडे नसतात. सर्वांत अवघड कागद सातबारा. वडिलांचे नाव चार भावांसोबत सामाईकात लागलेले असते, वाटप कधी झालेलेच नसते, आणि ‘ती काय आपली जमीन’ असे म्हणून फॉर्मवरचा रकाना रिकामा सोडला जातो. पुढे खात्यात गावाकडून आलेली रक्कम दिसली की मालमत्ता लपवल्याचा संशय येतो. रकाना भरावाच, आणि सोबत सातबारा, आठ-अ, वारसाचा फेरफार यांचे इंग्रजी भाषांतर आणि मूल्यांकनकाराचा अहवाल जोडावा. अविभक्त हिश्श्याची किंमत म्हणजे एकूण किमतीचा पाचवा भाग नव्हे. तो हिस्सा तसाच विकत घ्यायला कोणी तयार असेल तर किती देईल, ती खरी किंमत, आणि ती पुष्कळदा फार कमी भरते.

एक गैरसमज महागात पडतो. मालमत्ता मुलांच्या नावे करून सात वर्षे झाली की कौन्सिल विचारत नाही, अशी ठाम समजूत आहे. सात वर्षांचा नियम वारसा कराचा आहे. देखभालीचा खर्च टाळण्याच्या हेतूने मालमत्ता दिली असे कौन्सिलला वाटले तर ती अजून तुमच्याकडेच आहे असे धरून हिशेब होतो, आणि किती मागे जायचे याला वर्षांची मर्यादा नाही.

आई-वडिलांच्या वतीने सही करायची असेल तर भारतातले कुलमुखत्यारपत्र पुढे करू नये. येथे लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी लागते, आर्थिक बाबींची वेगळी आणि आरोग्याची वेगळी. ती आई-वडिलांची समज शाबूत असतानाच करता येते. स्मृतिभ्रंश बळावल्यावर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे (समज गमावलेल्यांच्या बाबी पाहणाऱ्या न्यायालयाकडे) जाण्यावाचून मार्ग राहत नाही, आणि तो लांब आणि खर्चिक आहे. व्हिसावर ‘सार्वजनिक निधी नाही’ अशी अट असलेल्यांनी अटेंडन्स अलाउन्स या वृद्धांच्या देखभालीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय मुळीच करू नये. तो भत्ता त्या निधीत मोडतो.

‘बजेट नाही’ हे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. गरज कोणत्या मार्गाने भागवायची हे ठरवताना कौन्सिलला खर्चाचा विचार करता येतो, परंतु पात्र ठरलेली गरज पैशांअभावी भागवायचीच नाही, असे म्हणता येत नाही. तक्रार प्रथम कौन्सिलकडे करावी. पोच तीन कामकाजी दिवसांत मिळायला हवी. नंतर स्थानिक प्रशासन आणि समाजसेवा लोकपालाकडे जाता येते. तिथली बारा महिन्यांची मुदत चूक लक्षात आल्या दिवसापासून चालते, कौन्सिलच्या अंतिम उत्तरापासून नव्हे, आणि उत्तराची वाट पाहत बसलेल्यांची ती निघून जाते.

वैयक्तिक नकाराऐवजी सेवाच कमी होत असेल, उदाहरणार्थ डे सेंटर बंद होणार असेल, तर जागा वेगळी. कॅबिनेट पद्धतीने, म्हणजे मोजक्या सदस्यांच्या निर्णयांवर, चालणाऱ्या प्रत्येक कौन्सिलला कारभार तपासणारी स्क्रुटिनी समिती ठेवावीच लागते. तिची कागदपत्रे सभेच्या किमान पाच पूर्ण कामकाजी दिवस आधी प्रसिद्ध होतात. यात प्रसिद्धीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. नागरिकांनी प्रश्न पाठवण्याची मुदत प्रत्येक ठिकाणी निराळी असते, ती आधीच विचारून घ्यावी. बजेटवरची जनसुनावणी साधारणतः हिवाळ्यात होते आणि कौन्सिल टॅक्स मार्चच्या सुरुवातीला ठरून जातो, त्यामुळे एप्रिलमध्ये नेलेल्या निवेदनावर सही घेऊन पोच देतात, एवढेच. २०२३ पासून केअर क्वालिटी कमिशन हा देखभाल सेवांचा नियामक कौन्सिलच्या या कामाचीही पाहणी करून श्रेणी देते. आपल्या कौन्सिलचा अहवाल प्रसिद्ध झाला असल्यास त्यातले प्रतीक्षा यादीविषयीचे परिच्छेद तक्रारीत उद्धृत करावेत.

कौन्सिलचे वार्षिक हिशेब दरवर्षी तीस कामकाजी दिवस पाहणीसाठी खुले असतात आणि त्या काळात मतदार यादीत नाव असलेला रहिवासी लेखापरीक्षकाकडे हरकत नोंदवू शकतो. येथे कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मतदार होता येते. मतदार नोंदणीचे जे पत्र दरवर्षी घरी येते आणि ‘आपण काही ब्रिटिश नाही’ म्हणून रद्दीत जाते, ते त्याच यादीचे असते.